भाड्याचा आकडा आणि खरं भाडं : केजच्या घरांचा इतिहास कसा वाचायचा?

समजा, तुमच्या संशोधनाचा विषय आहे ‘तालुक्याच्या गावातलं घर आणि राहण्याचा खर्च’. गाव आहे बीड जिल्ह्यातलं केज. पहिला प्रश्न अगदी साधा : चाळीस वर्षांपूर्वी इथे एका खोलीचं भाडं किती होतं?

हाच प्रश्न मुंबईबद्दल विचारला तर चाळी, पागडी, 1947 चा भाडे कायदा, कोर्टातले खटले असं बरंच काही हाताशी येतं. केजबद्दल विचारला तर समोरचा माणूस हसून म्हणतो, “भाडं कसलं? तेव्हा सगळे आपापल्या घरात राहायचे.” हे उत्तर मी बरेच दिवस खरं धरून चालले होते. संशोधनाच्या तयारीला लागलेल्या तुम्हा मंडळींना ती चूक सांगायला हवी, कारण ती केजपुरती नाही. कुठल्याही लहान गावाच्या कागदपत्रांत ती तुमची वाट बघत असते.

रजिस्टरात ‘भाडे’ लिहिलंय, पण कुणी दिलेलं?

केज आधी ग्रामपंचायत होतं, आता नगरपंचायत आहे. हा बदल नुसता पाटी बदलण्याचा नाही. कर बसवायची रीत बदलते. नगरपरिषदा आणि नगरपंचायती 1965 च्या अधिनियमाखाली चालतात. त्यात घराच्या कराला आधार असतो वार्षिक भाडेमूल्याचा, म्हणजे हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल याचा. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कर लावतात. महिन्याला 2,000 रुपये भाडं धरलं, तर वर्षाचे 24,000, वजा 2,400, उरले 21,600. असा हिशेब.

आता नीट बघा. ज्या घरात तीन पिढ्या तेच कुटुंब राहतंय, ज्याची एक खोलीही कधी भाड्याने गेली नाही, त्या घरापुढेही भाड्याचा आकडा येतो. तो कुणी दिलेला नाही, कुणी घेतलेला नाही. कर बसवण्यासाठी ऑफिसात धरलेला आहे. मी हे आकडे ‘केजमधलं भाडं’ म्हणून वहीत उतरवले होते. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, “हे पैसे कुणाच्या खिशातून गेले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळा तक्ता बाजूला ठेवावा लागला.

मालक एक, राहणारा दुसरा

ग्रामपंचायतीच्या काळातलं दप्तर या बाबतीत जास्त बोलकं असतं. नमुना 8 म्हणजे कर आकारणी नोंदवही. तिच्यात मालकाचं नाव एका रकान्यात आणि भोगवटा करणाऱ्याचं दुसऱ्यात. दोन्हीकडे एकच नाव असेल किंवा ‘स्वतः’ लिहिलं असेल, तर आपण मालकच राहतोय असं धरतो. पण पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू असला तरी त्याचं नाव लिहायला मालक फारसा उत्सुक नसतो. कर वाढेल, उद्या तो हक्क सांगेल, ही भीती असते.

आणि भाडेकरू आले कुठून? 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. तालुक्याच्या गावी बाहेरून शिक्षक, ग्रामसेवक, कारकून, नर्सबाई येऊ लागल्या. पुढे बँका आल्या, हायस्कुलं आणि कॉलेजं आली. आसपासच्या खेड्यांतली मुलं ‘रूम करून’ राहू लागली. घरून पीठ आणि डाळ आणायची, स्टोव्ह एकात, चौघांनी एक खोली. केज मांजरसुंबा ते अंबाजोगाई रस्त्यावर आहे, एसटी मिळते. त्यामुळे खेड्यातल्या शाळेचे कितीतरी गुरुजी तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करून राहतात. पण घरभाडे भत्त्यासाठी मुख्यालयी राहण्याची अट असते. त्यावरून महाराष्ट्रभर वाद झाले आहेत. परिणाम असा, की माणूस कागदावर खेड्यात राहतो आणि भाडं तालुक्याला भरतो. त्या भाड्याची पावती कोण मागणार आणि कोण देणार?

निजामाच्या काळात मागे जाताना

17 सप्टेंबर 1948 पर्यंत केज हैदराबाद संस्थानात होतं. त्याआधीचा सरकारी कागद बहुधा उर्दूत, खाजगी कागद अनेकदा मोडीत. रकमा हाली सिक्क्यात असतील तर तुलनेआधी बदलून घ्या : ढोबळमानाने 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. साल फसली असेल तर 590 मिळवा, म्हणजे ते वर्ष सुरू होतानाचं इसवी सन मिळतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. हे न करता जुनी आणि नवी रक्कम शेजारी मांडली तर निष्कर्ष पहिल्याच पायरीवर घसरतो.

भाड्याच्या कायद्याचंही तसंच. मुंबईचा 1947 चा कायदा मराठवाड्यात लावून वाचू नका. इथे हैदराबादचा 1954 चा घरभाडे कायदा होता. 1999 चा महाराष्ट्राचा कायदा 31 मार्च 2000 पासून आला तेव्हा तो रद्द झाला. नवा कायदाही अनुसूचीत दिलेल्या ठिकाणांनाच लागू होतो, म्हणून आपलं गाव तिथे आहे का हे आधी तपासायचं.

जे भाड्यात येत नाही ते

आता घरात शिरू. जुनी घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचं सपाट छप्पर. मृगाआधी माळवदावरचं गवत उपटायचं, नवी माती पसरायची, चोपायची. हा घराचा खर्चच होता, पण तो अंगमेहनतीत फिटायचा. त्याची पावती नाही.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं त्याच दगडमातीखाली गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची भीती मराठवाड्यात दूरवर पसरली. ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. पत्र्याला चोपावं लागत नाही, पण एप्रिलमध्ये खोली भट्टी होते. मग पंखा, कूलर, लाईट बिल. जो खर्च आधी हातांनी फिटत होता, तो आता रोख द्यावा लागतो.

पाण्याचं तर विचारूच नका. मांजरा धरण धनेगावला, म्हणजे केज तालुक्यातच. त्यावर लातूर शहर अवलंबून. ते आटलं आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं. त्या रेल्वेवर देशभर बातम्या झाल्या. पण धरणाच्या तालुक्यातल्या घरांत पाणी कसं भरलं जात होतं? टँकर, बोअर, जार, शेजारणीच्या नळावर लावलेला नंबर. इथे खोली बघायला गेलात तर भाड्याच्याही आधी विचारतात, “पाणी आहे का?” दोन खोल्यांचं भाडं सारखं असेल, पण एकीला नळ आहे आणि दुसरीला टँकर, तर खर्च सारखा नाही. आणि पाण्यासाठी थांबणाऱ्या बाईचे तास कुठल्याच हिशेबात नाहीत.

फेब्रुवारीतली कुलपं

जनगणना तरी सगळ्यांना मोजते, असं वाटेल. पण तारखा बघा. 2011 च्या जनगणनेत माणसांची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास उचल घेऊन निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. फेब्रुवारीत ती कारखान्याच्या तळावर, उसाच्या पाचटाच्या कोपीत असतात. तो सगळा काळ जो बाहेर होता, तो जिथे सापडला तिथे मोजला गेला. गावातल्या घराला मात्र कुलूप, नाहीतर आत म्हातारी आणि नातवंडं. एकाच कुटुंबाची वर्षाला दोन घरं, आणि दोन्ही आपल्या तक्त्यात अर्धवट.

बाँडवरचं घर

शेवटचा कागद सगळ्यात नाजूक. गावाच्या कडेच्या शेतात एक-दोन गुंठे घ्यायचे. तुकडेबंदीमुळे खरेदीखत होत नसे, म्हणून शंभराच्या बाँडवर व्यवहार (आता बाँड पाचशेचा झालाय). अशी घरं नियमित करायला 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या घरांना दिली. पण नियमित करायचं म्हणजे पैसे भरायचे. तोवर सातबाऱ्यावर जुन्याच शेतकऱ्याचं नाव, बँक कर्ज देत नाही, आणि बाँड ट्रंकेत.

आता ‘सगळे आपापल्या घरात राहायचे’ हे वाक्य परत वाचा. ते खोटं नव्हतं. ते घरवाल्याचं वाक्य होतं. चौघांत एक खोली करणारा पोरगा, नोंद नसलेला भाडेकरू, कोपीतलं जोडपं, बाँडवाला, हे त्या ‘सगळ्यांत’ नव्हते. मी पहिल्या तक्त्यावर थांबले असते तर माझ्या प्रबंधातही नसते. उद्या कुणी तोच प्रबंध वाचून म्हटलं असतं, की लहान गावात घराचा प्रश्नच नाही.

म्हणून कामाला बसाल तेव्हा प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा : हा कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि यात कुणाचं नाव येऊच शकत नव्हतं. तिसऱ्या रकान्यात जी माणसं येतील, त्यांच्याकडे वही घेऊन जा. भाडं किती होतं हे लगेच विचारू नका. “तेव्हा पाणी कुठून आणायचात?” इथून सुरुवात करा. भाड्याचं ते आपोआप सांगतात.