तिखाडीचं तेल आणि न दरवळणारी मेणबत्ती

गेल्या विकांताला घरी मेणबत्त्या केल्या. निमित्त म्हणजे मॉलमधली एक 'रोझ' मेणबत्ती आणि तिच्यावरची किंमत. म्हटलं मेण वितळवायचं, वासाचं तेल घालायचं, वात सोडायची, यात अवघड ते काय? मधमाशीचं मेण आणलं, 'पामरोजा' लिहिलेली छोटी बाटली आणली. मेणबत्ती दिसायला झकास झाली. पेटवली, तर नुसता मधाचा मंद वास. गुलाबाचा पत्ताच नाही!

बाबांनी बाटली उघडून हुंगली आणि म्हणाले, "अरे, हे तर तिखाडीचं तेल. तुझे आजोबा रोज रात्री गुडघ्याले चोळत."

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. तिखाडी म्हणजे डोंगरउतारावरचं एक उंच, वासाचं गवत. वऱ्हाडाबाहेर त्याला रोशा म्हणतात, संस्कृतात रोहिष. गावचं गवत इंग्रजी नाव लावून आपल्याच घरी आलं, आणि आपल्याला ओळखूही आलं नाही. मग मेणबत्ती राहिली बाजूला आणि मी तिखाडीच्या मागे लागलो.

या गवताचं शास्त्रीय नाव 'सिंबोपोगॉन मार्टिनी'. हा मार्टिन म्हणजे लखनौचा जनरल क्लॉद मार्टिन, ज्याच्या पैशातून ला मार्टिनिएर शाळा निघाल्या तोच. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत त्याला दिसलं, की जनावरं एका उग्र वासाच्या गवतावर तुटून पडतात आणि मग दुधा-लोण्यालाही तोच वास येतो. त्याने बी गोळा करून लखनौला नेलं. ही हकीकत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने लिहून ठेवली आहे. गवताला नाव मिळालं ते मार्टिनचं. ती गुरं कुणाची, गुराखी कोण, कोण विचारतो?

खरी गंमत पुढे आहे. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड, खानदेश, निमाड या पट्ट्यात पावसाळा सरताना गवताला फुलोरा आला की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. हे तेल मुंबईला जाई, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढे तुर्कस्तानात. तिथे त्याला लिंबाचा रस आणि उन्हं दाखवून वास सौम्य करत आणि गुलाबाच्या अत्तरात मिसळत. बल्गेरियात तर म्हणे गुलाबाच्या पाकळ्यांवर हे तेल शिंपडून मगच भट्टी लावत. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, म्हटल्यावर ही भेसळ किती फायद्याची असेल बघा. युरोपच्या बाजारात आपल्या तेलाला नाव काय, तर 'तुर्की जेरेनियम तेल'!

१८७१ मध्ये ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेल्या याच गवती तेलातून एक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. तेच जिरॅनिऑल. खऱ्या गुलाबतेलातही ते असतं, म्हणून तर भेसळ खपत होती. द्रव्य निघालं तिखाडीतून, नाव पडलं जेरेनियमचं. नावाच्या बाबतीत आपलं गवत दर वेळी हुकलंच.

असो. तेल एवढं दमदार, तर माझी मेणबत्ती का दरवळली नाही? उत्तर मेणात आणि वातीत आहे.

आधी वात. मेणबत्तीचा वास ज्योतीतून येत नाही. ज्योत तेल जाळून टाकते. वास येतो तो ज्योतीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून. तळं छोटं तर वास कमी. म्हणून भांड्याच्या मानाने वात जाड हवी. पूर्वी वात सारखी कातरावी लागे. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये काम्बासेरेसने विणलेली सुती वात काढली. ती जळताना वाकते आणि टोक आपोआप जळून जातं. कापसाचं आम्हाला काय कौतुक म्हणा, आमच्या खामगावला कापसासाठी १८७० मध्येच रेल्वे आली होती.

आता मेण. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं, त्याला स्वतःचा वास असतो आणि तो दुसऱ्याला वर येऊ देत नाही. माझी चूक इथेच झाली. पॅराफिन हे खनिज तेलातलं मेण, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बाजारात आलं. ते तापलं की तेल चटकन सोडतं, म्हणून दरवळ सगळ्यात जोरदार. तिसरं सोया मेण. १९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मनने तेल हायड्रोजनने घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. आपला डालडा त्याच विद्येतून आला, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत सोयाबीनच्या मेणबत्त्याही. हे मेण ५० अंशांच्या आसपास वितळतं, पण सुगंध धरून ठेवतं. त्याला घाई चालत नाही.

दुसरा प्रयत्न असा केला: १०० ग्रॅम सोया मेण, भांड्यात पाणी ठेवून त्यावर वितळवलं (थेट आचेवर कधीच नको), ८० अंशांच्या आसपास ७ ग्रॅम तिखाडीचं तेल, दोन मिनिटं सावकाश ढवळणं. मग ओतून झाकून ठेवलं, पूर्ण दोन आठवडे. पहिल्यांदा पेटवल्यावर तळं काठापर्यंत जाईतो विझवली नाही. जिरॅनिऑल २३० अंशांना उकळतं, त्यामुळे ते लिंबाच्या तेलासारखं भुर्रकन उडून जात नाही. आणखी जोर हवा असेल तर थोडं पॅराफिन मिसळा. तेल वाढवत बसू नका, जास्तीचं तेल मेणातून घामासारखं बाहेर येतं.

या वेळी हॉल दरवळला.

नंतर लक्षात आलं, की सोयाबीन, कापूस आणि तिखाडी, तिन्ही आमच्याच भागातली. सोयाबीन आमच्या जिल्ह्यातले शेतकरी क्विंटलच्या भावाने विकतात आणि आपण तेच काचेच्या भांड्यात घालून ग्रॅमच्या भावाने विकत घेतो. दीडशे वर्षांपूर्वी तिखाडीचं हेच झालं होतं. भट्टी आपली आणि अत्तर इस्तंबूलचं.

माझ्या मेणबत्तीला मी चिठ्ठी लावली आहे. तिच्यावर 'रोझ' नाही, 'तिखाडी' लिहिलंय. बाबांना आवडली. पण म्हणाले, "थोडं तेल गुडघ्याले ठेव."