रंगमंचीय ध्वनियंत्रणेची नेटवर्क केबल

डिजिटल मिक्सर आणि मंचावरील स्टेजबॉक्स यांना जोडणारी, तांब्याच्या पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असलेली केबल. पूर्वी हे काम मनगटाएवढा जाड, अनेक तारांचा मल्टीकोर करी. आता बोटाएवढी एकच केबल एईएस५० पद्धतीत ध्वनीचे ४८ मार्ग दोन्ही दिशांनी नेते. सोय मोठी, पण ती एक तुटली की सगळा कार्यक्रम मुका होतो. म्हणून केबलच्या दर्जाच्या (कॅट५ई, कॅट६ए) आकड्यापेक्षा तिचा टिकाऊपणा आधी पाहावा लागतो.

इमारतीच्या भिंतीत कायमची बसवायची केबल घनतारेची असते. ती रोज गुंडाळली-उलगडली तर आतली तार थकून तुटते आणि वरून काहीच दिसत नाही. मंचासाठी बारीक तंतूंची तार आणि पॉलियुरेथेनसारखे लवचीक, चिवट आवरण लागते. या लवचिकतेची किंमत अंतरात मोजावी लागते. घनतारेच्या तुलनेत २४ गेजच्या तंतुतारेत २० टक्के, तर २६ गेजच्या तारेत ५० टक्क्यांपर्यंत संकेताचा जास्त क्षय मानकांत गृहीत धरलेला असतो. म्हणजे नेटवर्क केबलची १०० मीटरची प्रसिद्ध मर्यादा फिरत्या केबलला जशीच्या तशी लागू होत नाही. त्याहून लांब पल्ल्यासाठी प्रकाशतंतू घ्यावा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते. मात्र तिचा रोध जास्त असतो आणि वाकवताना ती लवकर मोडते. मंचावर तिला जागा नाही.

डान्टेसारख्या इथरनेटवर चालणाऱ्या पद्धतींना कॅट५ई बहुधा पुरते. कॅट६ए केबल जाड आणि ताठ असल्याने गुंडाळायला जड जाते. एईएस५० जोडणीत मात्र ढाल असलेली केबलच हवी आणि ती ढाल दोन्ही टोकांना कनेक्टरच्या धातूच्या कवचाला जोडलेली असावी. तशी ती नसेल, तर कोरड्या हवेत सतरंजीवरून चालत आलेल्या माणसाच्या स्पर्शाने उडालेली स्थिर विजेची ठिणगीही दोन्ही उपकरणांचा ताळमेळ तोडते आणि आवाज जातो.

साध्या आरजे४५ प्लगची प्लास्टिकची जीभ हा या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा. जीभ मोडली तरी प्लग खाचेत बसलेला दिसतो, आणि कोणाचा पाय लागला की निसटतो. यावर न्यूट्रिक कंपनीच्या इथरकॉनचा उपाय रूढ आहे: तोच प्लग एक्सएलआरच्या धाटणीच्या धातूच्या कवचात बसतो, खटक्याने अडकतो, आणि केबलवरचा ताण कवच पेलते. तंतुतारेसाठी आणि घनतारेसाठी प्लगचे आतील दाते वेगळे असतात. चुकीचा प्लग चिमटला तर जोड काही दिवस चालतो, मग अधूनमधून दगा देऊ लागतो. टोकाशी जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नये.

आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर तारा सलग आहेत की नाहीत एवढेच सांगतो. क्षय किंवा जोड्यांमधली गळती त्याला कळत नाही. केबल कोपराभोवती आवळून गुंडाळू नये. एक वेढा सुलटा, पुढचा उलटा असे सैल वेढे घेतले की ती पीळ न धरता उलगडते.