तारेपलीकडचा माणूस

पानिपतांत पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव धारण करणाऱ्या पुण्याच्या सदाशिव पेठेंत आज एखाद्या वृद्ध पेन्शनरानें नवा मोबाइल आणला, म्हणजे त्याचें पहिलें संभाषण पुष्कळदां आप्तांशीं होत नाहीं. तें होतें ग्राहकसेवेशीं. आधीं ध्वनिमुद्रित आवाज एक दाबा, दोन दाबा असें सांगतो. मग वाट पाहण्यासाठीं संगीत लागतें. अखेर खरा माणूस बोलूं लागतो आणि जन्मतारीख विचारतो. दूरध्वनीच्या इतिहासांत हा माणूस नवा नव्हे. तो पूर्वीं होता, मग त्याला घालवून देण्यांत आलें, आणि आतां लोकच त्याला शोधीत आहेत.

बेलला दूरध्वनीचें पेटंट १८७६ सालीं मिळालें, आणि २८ जानेवारी १८८२ रोजीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें एक्स्चेंजें उघडलीं. त्या काळीं रिसीव्हर उचलून क्रमांक सांगावा, ऑपरेटरनें दोरीचें टोंक त्या क्रमांकाच्या छिद्रांत खोंवावें, तेव्हां बोलणें सुरू होई. प्रत्येक संभाषणाच्या दारांत असा एक तिऱ्हाईत बसलेला असे.

या तिऱ्हाइताचा राग आला अमेरिकेंतील कॅन्सस सिटीच्या अल्मन स्ट्रौजर याला. अंत्यविधीची व्यवस्था करणें हा त्याचा धंदा. प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर असून ती आपलीं गिऱ्हाइकें नवऱ्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता, असें सांगतात. संशय खरा असो वा खोटा. त्यानें स्वयंचलित जोडणीचें यंत्र काढलें, त्याचें पेटंट १८९१ सालीं मिळविलें, आणि पुढें जगभर ऑपरेटरची खुर्ची रिकामी होत गेली.

परगांवचा फोन मात्र आपल्याकडे बराच काळ माणसाच्याच हातीं राहिला. साधा, अर्जंट आणि लायटनिंग अशा ट्रंककॉलच्या प्रती असत. कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान थेट डायल करण्याची सोय १९६० सालीं झाली. इतरत्र ती हळूहळू पोंचली. घरीं फोन येण्यासाठीं अर्ज करून वर्षानुवर्षें थांबावें लागे. म्हणून भेटकार्डावर क्रमांकापुढें ‘पी. पी.’ हीं अक्षरें छापलेलीं असत. मूळ अर्थ ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे विवक्षित व्यक्ति. व्यवहारांतला अर्थ, फोन शेजाऱ्यांचा आहे! वाड्यांतील एका फोनवर सारा वाडा जगे. गॅलरींतून हांक येई, धांवत जावें लागे, आणि मुलीचें लग्न ठरल्याचें वृत्त घरच्यांच्या आधीं शेजाऱ्यांना कळे. खासगीपणा नव्हता हें खरें. परंतु त्या घरीं कोणास जन्मतारीख सांगावी लागत नसे. फोन बिघडला तर तक्रारीचा क्रमांक १९८. मोबाइलच्या तक्रारींसाठीं आजहि तोच क्रमांक आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

३१ जुलै १९९५ रोजीं ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांना मोबाइल लावला, आणि तारेसाठीं थांबणें संपण्यास आरंभ झाला. पण त्या जागीं दुसरें थांबणें आलें. नखाएवढ्या सिमकार्डांत ग्राहकाचा ओळख-क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते; तशीच किल्ली कंपनीच्या केंद्रीय नोंदींत असते. यंत्रणा कार्डाला कोडें घालते, कार्ड किल्लीच्या साहाय्यानें उत्तर देतें, तें जुळलें तर प्रवेश. कागदपत्रांची शहानिशा होऊन तेथील नोंद चालू होईपर्यंत नवाकोरा फोन मुकाच. ग्राहकसेवेंतला मनुष्य ती नोंद पाहूं शकतो, वरिष्ठांकडे धाडूं शकतो. दोरी मात्र त्याच्या हातांत नसते.

पेन्शनरांची अडचण येथेंच. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर यावयाचा. शिवाय जुन्या क्रमांकाचें सिम बदललें, तर चोरानें तें परस्पर बदलून खातें रिकामें करूं नये म्हणून पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात. नियम रास्त आहे. पण औषधांसाठीं पैसे काढावयाचे असतां तो चोवीस तासांहून लांब वाटतो. मग आजोबा पुन्हां १९८ फिरवितात, मराठीसाठीं सांगितलेला आंकडा दाबतात, आणि पलीकडच्या अनोळखी तरुणाला जन्मतारीख तिसऱ्यांदा सांगतात. तो तरुण शांतपणें म्हणतो, “आजोबा, उद्यां सकाळपर्यंत थांबा, माझ्याकडे नोंद दिसते आहे.” एवढें ऐकल्यावर आजोबा फोन खालीं ठेवतात.