खाडीच्या गाळातील बहुशूक

माणसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील शेतकऱ्याला गांडुळाचे मोल सांगावे लागत नाही. त्याच गांडुळाचे समुद्रातील भाऊबंद मात्र मुंबई-ठाण्यासारख्या किनाऱ्यावरील शहरांतही अपरिचितच राहिले आहेत. वलयी प्राण्यांच्या संघातील या कृमींना बहुशूक किंवा पॉलिकीट म्हणतात. जगभरात त्यांच्या १०,०००हून अधिक जाती ज्ञात आहेत. गांडुळेही मुळात याच वंशातून निघाली, असे आता जनुकीय अभ्यासातून दिसते.

बहुशूकाच्या बहुतेक वलयांवर दोन्ही बाजूंना मांसल पार्श्वपाद आणि त्यांवर राठ केसांचे झुबके असतात. नाव पडले ते त्यावरूनच. सरपटणे, पोहणे आणि बऱ्याच अंशी श्वसनही या पार्श्वपादांमार्फत चालते. नेरीस कुळातील अनेक जाती प्रजननकाळी बिळे सोडून थव्याने पृष्ठभागावर येतात, अंडी व शुक्राणू पाण्यात सोडतात आणि मरतात.

एरवी त्यांचे आयुष्य गाळात जाते. बिळातून सतत पाणी खेळवल्यामुळे काळ्या, कोंदट चिखलात प्राणवायू पोहोचतो. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पर्यटकांचे डोळे गुलाबी थव्यांवर खिळतात खरे. पण लहान फ्लेमिंगो प्रामुख्याने सूक्ष्म शेवाळावर जगतो. गाळात चोच खुपसणारे तुतवार, पाणटिवळे आणि चिखले मात्र या कृमींवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

सांडपाणी व औद्योगिक उत्सर्ग वाढला, की संवेदनशील जाती नाहीशा होतात आणि कॅपिटेलासारख्या मोजक्या चिवट जाती बेसुमार वाढतात. म्हणूनच ठाण्यातील अभ्यासकांनी खाडीची प्रकृती जोखण्यासाठी बहुशूकांचा आधार घेतला. केवळ कृमींची संख्या पाहून भागत नाही, जाती किती हे पाहावे लागते.

२०१९ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय गाळपट्ट्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात स्थान आहे. हे संरक्षण जागेचे आहे. आणि गाळ ‘सक्रिय’ असल्याचा पुरावा बव्हंशी हेच कृमी देतात. त्यांची नियमित मोजणी त्यामुळे निव्वळ हौशीचा विषय उरत नाही.

पूर्व किनाऱ्यावर आणखी एक ताण आहे. तमिळनाडू व आंध्र प्रदेशात कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रांना खाद्य म्हणून नैसर्गिक अधिवासातून बहुशूक पकडले जातात. असे कृमी कोळंबीच्या रोगांचे वाहकही ठरू शकतात. नेदरलँड्स व ब्रिटनमध्ये त्यांची व्यावसायिक शेती झाली आहे. तेथे आमिष व खाद्यासाठी टाक्यांत वाढवलेले कृमी विकले गेले.