कंठापासून विलग झालेला स्वर : जपानी स्वरसंश्लेषित गीते आणि नामनिर्देशाचा प्रश्न

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात कर्जत व खालापूर हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. तेथील ठाकर व कातकरी वाड्यांत गाणे कोणाचे, हे विचारावे लागत नाही. गाणारी समोरच असते. त्यामुळे नाव लिहून ठेवण्याची निकडही भासत नाही. परंतु तेच गाणे ध्वनिमुद्रित होऊन वाडीबाहेर गेले, की ते बहुधा ‘लोकगीत’ या सामान्य नामाखाली जमा होते व गायिकेचे नाव गळून पडते. स्वर कंठापासून विलग झाला असता नावाचे काय होते, हा प्रश्न जपानमधील स्वरसंश्लेषकाने, म्हणजे गाणारा आवाज संगणकावर जुळवून देणाऱ्या साधनाने, नव्याने पुढे आणला आहे. महाराष्ट्रास मात्र तो अपरिचित नाही.

मराठी बोलपटाच्या आरंभी, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या चित्रपटात गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांनी आपली पदे स्वतःच गायिली. पुढे पार्श्वगायनाची पद्धती रूढ झाली आणि मुख एकाचे व स्वर दुसऱ्याचा अशी विभागणी झाली. मुंबईत निघालेल्या ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर प्रारंभी गायिकेचे नाव नव्हते. तेथे ‘कामिनी’ असे पात्राचे नाव छापलेले होते. स्वर हयात व्यक्तीचा आणि नाव कल्पित व्यक्तीचे, असा हा प्रकार होता. पार्श्वगायकांचा नामनिर्देश पुढे प्रस्थापित झाला, तो आपोआप नव्हे.

गाणाऱ्या यंत्राचा इतिहासही लहान नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुने गीत गाऊन घेण्यात आले. सर्वसामान्य रचनाकाराच्या हाती हे साधन आले ते यामाहा कंपनीच्या ‘व्होकॅलॉइड’ या प्रणालीमुळे. तिच्यावर आधारलेले पहिले आवाज २००४ मध्ये विक्रीस आले. या पद्धतीत गायकाकडून ठरावीक ध्वनिसमूह निरनिराळ्या उंचीवर उच्चारून घेतात व त्यांचे सूक्ष्म तुकडे साठवतात. रचनाकार स्वर व शब्द लिहून देतो आणि यंत्र त्या तुकड्यांचा सांधा जुळवते. जपानी अक्षर बहुधा एक व्यंजन व एक स्वर यांचे बनलेले असल्यामुळे एका उंचीसाठी सुमारे ५०० ध्वनिजोड पुरतात. इंग्रजीस सुमारे २,५०० लागतात. मराठीतील महाप्राण व्यंजने, जोडाक्षरे आणि ‘च’, ‘ज’ यांचे दुहेरी उच्चार ध्यानी घेता तिचा संग्रह जपानीहून बराच मोठा ठरेल.

३१ ऑगस्ट २००७ रोजी क्रिप्टन फ्युचर मीडिया या कंपनीने ‘हात्सुने मिकु’ हा आवाज प्रसिद्ध केला. मिकु हे पात्र कल्पित. आवाज मात्र साकी फुजिता या अभिनेत्रीचा, आणि ही गोष्ट लपविलेली नव्हती. या परंपरेतील चार गीते अभ्यासकाने प्रथम ऐकावीत. ऱ्यो यांच्या ‘मेल्ट’मध्ये (२००७) यंत्राचे कौतुक नाही; एका प्रेमात पडलेल्या मुलीचे मनोगत आहे. कॉस्मो यांच्या ‘हात्सुने मिकु नो शोशित्सु’मध्ये (२००८) शब्दांची गती मानवी श्वासास अवघड अशी असून, विषय यंत्रगायिकेच्या स्वतःच्या लोपाचा आहे. हाची यांचे ‘मात्र्योश्का’ (२०१०) दोन संश्लेषित आवाजांसाठी रचलेले आहे. हेच हाची पुढे केन्शी योनेझु या नावाने स्वतःच्या कंठाने गाऊ लागले. कुरोउसा यांचे ‘सेन्बोन्झाकुरा’ (२०११) वयोवृद्ध परंपरेच्या गायिका साचिको कोबायाशी यांनी २०१५ च्या वर्षअखेरीस जपानी दूरचित्रवाणीवरील प्रतिष्ठित संगीतसोहळ्यात गायिले. यंत्रासाठी रचलेले गीत अशा रीतीने मानवी कंठात परत आले. या चारही गीतांत रचनाकाराचे नाव आधी व आवाजाचे नंतर येते. एक नाव दुसऱ्यास झाकत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फुजिता यांनी आपला आवाज जाणतेपणी व करारपूर्वक दिला. अलीकडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना तशा संमतीची तांत्रिक गरज उरलेली नाही. जुन्या ध्वनिमुद्रणावरूनच आवाजाची प्रतिकृती घडविता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग व २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश देऊन अशा अनधिकृत वापरास मनाई केली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ व २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी कलावंताचे हक्क मान्य केलेलेच होते.

परंतु असे संरक्षण मागण्यासाठी आधी नाव असावे लागते. ठाकर जीवनावरील गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटात शब्द ना. धों. महानोरांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, आणि आशा भोसले यांचा स्वर आहे. ही सर्व नावे नोंदलेली आहेत. कर्जत-खालापूरच्या वाडीतील ज्या स्त्रीचा आवाज एखाद्या संग्रहात केवळ ‘ठाकर स्त्री’ म्हणून पडून असेल, तिच्या आवाजाची प्रतिकृती झाली, तर न्यायालयात कोणाच्या नावाने जावे?

यंत्र गाते की नाही, हा वाद त्या मानाने गौण होय. जपानी गीतांचा धडा असा की, तुकड्यांत विभागलेल्या आवाजाचेही नाव राखता येते. तेव्हा क्षेत्रकार्यात ध्वनिमुद्रण करणाऱ्याने गायिकेचे नाव, वाडी, दिनांक व कोणत्या वापरास तिची संमती आहे, या चार गोष्टी गीताबरोबरच नोंदवणे अगत्याचे आहे. गायिका समोर बसलेली असेपर्यंतच ही नोंद करता येते.