चोवीस एकरांचे वाटे

आज आधी एक हिशेब घालते. एका घरात २४ एकर वावर आहे, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. घरचा कर्ता माणूस मृत्युपत्र न लिहिता वारला. मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. सांगा, कोणाला किती एकर?

गटाच्या बैठकीत हा प्रश्न टाकला की पहिलं उत्तर ठरलेलं येतं. "दोघा भावांना बारा-बारा." मग कोणीतरी विचारतं, "अन् माय?" त्यावर उत्तर, "माय राहील मुलांजवळ." मुलींचं नाव कोणी काढत नाही. आणि हे उत्तर देणाऱ्या सगळ्या जणी कोणाच्या तरी मुलीच असतात.

हे उत्तर अगदीच मनाचं नाही. एके काळी कायदाच तसा होता. आपल्या बहिणाबाई चौधरी आठवा. १८८० साली आसोद्याला जन्मल्या, जळगावात नांदल्या, तरुण वयात विधवा झाल्या आणि १९५१ साली गेल्या. त्यांचं सगळं आयुष्य त्या जुन्या व्यवस्थेत गेलं. एकत्र कुटुंबातला पुरुष वारला की त्याचा वाटा मागे राहिलेल्या पुरुषांकडे जायचा. विधवेला पोटगी, म्हणजे खायला-ल्यायला आणि राहायला. मुलीला तिच्या लग्नाचा खर्च. आपल्या मुंबई इलाख्यात एक गोष्ट बरी होती. मुलगा नसेल आणि संपत्ती मुलीकडे आली, तर ती पूर्ण मालकीने यायची. पण त्यासाठी घरात मुलगा नसावा लागायचा.

१९३७ साली डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने कायदा झाला आणि विधवेला नवऱ्याचा वाटा मिळू लागला. मिळाला, पण हयातीपुरता. तिने त्यावर जगायचं, मोठी अडचण असल्याशिवाय विकायचं नाही, आणि तिच्यामागे तो परत नवऱ्याच्या वारसांकडे. शिवाय १९४१ साली दिल्लीच्या फेडरल कोर्टाने सांगितलं की हा कायदा शेतजमिनीला लागत नाही, कारण शेतजमीन हा प्रांतांचा विषय. खेड्यातल्या बाईच्या दृष्टीने जमीन सोडली तर वाटण्यासारखं राहतं काय?

मग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं. त्यात मुलीला वाटा होता, आणि तिथेच फार जणांचं बिनसलं. बिल रखडलं, सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून कायदे आले. त्यातला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. बाईच्या ताब्यातली संपत्ती तिच्या पूर्ण मालकीची झाली, हयातीपुरतीची अट गेली. मुलगा, मुलगी, विधवा, आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस झाले.

ऐकायला सगळं समान झालं. आता आपले २४ एकर बघा. यासाठी एक खरी केस आहे, सांगली कोर्टातली. १९६० साली एक गृहस्थ वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली, अगदी आपल्या हिशेबासारखं घर. १९६२ साली हिराबाईंनी स्वतःचा वाटा मागायला दावा लावला, तोही मुलांविरुद्ध. खालच्या कोर्टाने त्यांना चोवीसावा भाग दिला. त्या थांबल्या नाहीत. हायकोर्टात त्यांचा वाटा चोवीसात सात झाला, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी, तो कायम केला. नवरा गेल्यापासून १८ वर्षं गेली.

कोर्टाने हिशेब कसा केला ते सांगते, वहीत लिहून घ्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलगे जन्मापासून भागीदार. म्हणून आधी असं धरायचं, की माणूस मरण्याच्या क्षणी घरात वाटणी झाली. त्या वाटणीत बाप, दोन मुलगे आणि मुलांबरोबर आई, असे चार वाटे, सहा-सहा एकरांचे. मुलींना त्यात वाटा नाही. मग बापाचे जे सहा एकर, ते सहा वारसांत, एकेक एकर. म्हणजे आईला सात, दोघा मुलांना सात-सात, आणि तिघी मुलींना एकेक. बेरीज करून बघा, बरोबर २४ येते. हिराबाईंमुळे आईचे सात एकर पक्के झाले. मुलीला मात्र त्या समान म्हणवल्या जाणाऱ्या कायद्यात भावाला सात आणि तिला एक.

हा कायदा कागदावर बदलायच्या आधी एक वेगळी गोष्ट घडली, आणि ती आपल्या जळगाव जिल्ह्यात घडली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा बायकांचा मोठा मेळावा १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला झाला होता. पुढे १९८९ साली अमरावतीच्या मेळाव्यात लक्ष्मीमुक्तीची हाक दिली गेली. विचार सरळ होता. बाई लग्नापासून शेतात राबते, तिच्या कष्टाचं देणं शेतकऱ्याच्या डोक्यावर आहे, तर त्याने जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करून ते फेडावं. ज्या गावात शंभर घरं हे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. त्यात सुरुवातीलाच नाव आलं ते जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं. तिथे शंभराहून जास्त बायकांच्या नावावर जमीन झाली. त्याच सुमारास विटनेरची ग्रामपंचायत सगळीच्या सगळी बायकांनी निवडून आणली होती. आज आरक्षणामुळे बाई सरपंच झाली तर नवल वाटत नाही, पण तेव्हा पंचायतीत महिलांचं आजच्यासारखं आरक्षण नव्हतं.

कोणताही कायदा तेव्हा त्या गड्यांना सांगत नव्हता की बायकोला जमीन द्या. पुढे १९९२ साली सरकारने परिपत्रक काढलं, नवरा हयात असताना बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. लक्ष्मीमुक्ती योजना म्हणून ते आजही चालतं. नवऱ्याने अर्ज करायचा, तलाठ्याकडे द्यायचा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं.

मला विटनेरचा अभिमान आहे, पण त्यात एक उणीव दिसते. ती जमीन नवऱ्याने बायकोला दिलेली होती. माहेरच्या लेकीचा वाटा त्यात नव्हता. बायकोला देणं सोपं जातं, जमीन घरातच राहते. लेकीचं म्हटलं की जमीन दुसऱ्या गावात जाणार, ही भीती. आपल्या जिल्ह्यांत खरी गाठ तिथेच आहे.

ती गाठ कायद्याने दोनदा सोडवली. आधी महाराष्ट्राने, २२ जून १९९४ ला. मुलीलाही मुलासारखी जन्मापासून भागीदारी दिली. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी धरा. थोरलीचं लग्न १९९४ च्या मे महिन्यात झालं, ती बाहेर. धाकटीचं पुढच्या वर्षी, ती आत. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा कायदा आला आणि लग्नाची अट गेली. तरी पंधरा वर्षं वाद चालला, की त्या दिवशी बाप जिवंत असायला हवा का? ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नको. हक्क जन्माने आहे. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी जी वाटणी नोंदणी करून किंवा कोर्टातून झाली, ती मोडत नाही.

आता पुन्हा आपले २४ एकर. बाप, आई, पाच मुलं, असे सात वाटे. बापाचा सातवा हिस्सा पुन्हा सहा वारसांत. हिशेब करून बघा, प्रत्येकाला बरोबर चार एकर येतात. आईला चार, भावाला चार, बहिणीला चार.

हे हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांचं झालं. मुस्लिम बहिणींचा वारसा त्यांच्या कायद्याप्रमाणे, त्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा असतो. आणि चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीकडच्या आपल्या आदिवासी बहिणींना १९५६ चा कायदा लागतच नाही, तिथे रूढी चालते. मात्र जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या केसमध्ये सांगितलं, की मुलीला नाकारणारी रूढी सिद्ध झाली नाही तर तिला समान वाटा द्यावा. या बहिणींनी तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारावं. तिथे बायकांना वकील फुकट मिळतो.

म्हणजे चार एकर आहेत. मग जातात कुठे? हक्कसोडपत्रात.

आखाजीला लेक माहेरी येते. झोका होतो, सांजोऱ्या होतात, आणि बाप नुकताच गेलेला असेल तर भाऊ हळूच म्हणतो, "बाई, एक सही लागते, वारस लावायचं." ती सही नेमकी कशावर, हे ओळखायची साधी खूण आहे. वारस नोंद गावातच ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे होते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. त्यासाठी कोणी तुम्हाला तालुक्याच्या रजिस्टर ऑफिसात नेत नाही. तिथे नेलं, कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा घेतला, तर ती वारस नोंद नव्हे. तुम्ही हक्क सोडत आहात, आणि तो कागद पुढे मोडायला फार जड जातो.

सोडायचाच असेल तर सोडा. भावाची परिस्थिती बघून, समजून सोडणारी बहीण चूक करते असं मी म्हणणार नाही. पण न वाचता सोडू नका. "हिस्सा घेतला तर माहेर तुटेल" असं सांगतात. भावाने सात ठेवून बहिणीला एक दिला तरी त्याचं माहेर तुटत नव्हतं, हे मला कधी कळलं नाही. आणि सातबाऱ्यावर नाव राहून गेलं म्हणून हक्क गेला असंही नाही. फेरफार म्हणजे सरकारी नोंद, मालकी त्यावरून ठरत नाही. चुकीच्या नोंदीवर प्रांताकडे अपील होतं, वाट्यासाठी दिवाणी कोर्ट आहे.

शेवटी आपल्या स्वतःच्या पैशाचं बोलू, कारण गटातल्या बायकांजवळ आता बचत आहे, कोणाजवळ दुकान, कोणाजवळ घर. बँकेत नॉमिनी लावला की झालं, असं वाटतं. तसं नाही. कालनिर्णयवाले जयंत साळगावकर यांच्या कुटुंबाच्या केसमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. शेअर-फंडांचा वाद होता. नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक वारसच असतात.

आणि बाईचे वारस कोण? आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर तिच्या कमाईवर पहिला हक्क सासरचा, माहेरचा नंतर. एक बाई १९५५ साली लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, तिने नोकरी केली, १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. तिची बचत आणि फंड २००९ साली सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या भाच्यांना दिला, कारण कायदा तसा आहे. आई मागत होती.

एका कागदाने हे टळलं असतं. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणीची सक्ती नाही, केली तर बरी. आपलं जे आहे तेवढंच लिहावं, तारीख घालावी, दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा आणि त्या दोघांनीही सही करावी. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मन बदललं तर नवीन लिहावं, शेवटचं ते खरं. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान घ्यावेत. आपण गेल्यावर कोर्टात उभं राहायला ते हवेत.