एकपात्रीतला दुसरा माणूस

“तुहा सासरा मघा खाटेवर बसून होता. आता मान वर करून बोलून रायला तू त्याच्याशी. उठला कवा थो?”

नट गप्प. खरंच, सासरा उठला कधी हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

अकोल्यातल्या एका शाळेचा वर्ग, रात्रीचे साडेनऊ, बाकं भिंतीला सरकवलेली. मधोमध एक लोखंडी खुर्ची आणि तिच्या पाठीवर अडकवलेली पांढरी टोपी. तो सासरा. प्रयोगाच्या दिवशी ही खुर्ची नसणार. तोवर नटाची नजर बरोबर त्या टोपीवर, त्याच उंचीवर जाऊन टेकायला शिकली पाहिजे. नाटक एकपात्री, पण वर्गात आम्ही सहा जण होतो. नट, नाटक बसवणारा, संहिता लिहिणाऱ्या बाई, मोबाइलवर संगीताचे तुकडे लावणारा पोरगा आणि वहीत दिव्यांचा हिशेब मांडणारा एक जण, ज्याचं दिवसा पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान चालतं. मी नुसता चहाचा धनी. जाहिरातीवर मात्र फोटो एकाचाच लागणार होता.

‘एकपात्री’ हा शब्दच थोडा फसवा आहे. त्यात पात्र एक नसतं, नट एक असतो. लक्ष्मण देशपांड्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये तब्बल ५२ पात्रं होती आणि ती सगळी एकाच अंगावरून ये-जा करत. (आमच्याकडे अजूनही कुणी कुणी ते नाटक वऱ्हाडी बोलीतलं समजतो. त्यातलं वऱ्हाड लग्नाचं आणि बोली मराठवाड्याची. पण गैरसमजालाही कूळ असतं. कौंडिण्यपूरला रुक्मिणीच्या लग्नाला आलेलं वऱ्हाड इथंच राहिलं, म्हणून मुलखाचं नाव वऱ्हाड, असं सांगणारी माणसं अमरावती जिल्ह्यात गावोगाव भेटतात.) तेव्हा एकपात्रीचं कूळ शोधायचं, तर नटापासून सुरुवात करून भागत नाही. तो ज्याच्याशी बोलतो, त्या न दिसणाऱ्या माणसाचा माग काढावा लागतो.

सगळ्यात जुना माग संस्कृतात लागतो. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकांचे जे दहा प्रकार सांगितलेत, त्यांतला ‘भाण’ हा एकट्या नटाचा. बहुधा एखादा विट, म्हणजे गावभर हिंडणारा बोलघेवडा रंगेल गडी, रस्त्यानं चालता चालता दिसेल त्याच्याशी बोलतो. समोर कुणीच नसतं. मग तो कान देतो, ‘काय म्हणतोस?’ असं विचारतो, न ऐकू आलेलं उत्तर स्वतःच उच्चारतो आणि त्यावर आपलं उत्तर देतो. या युक्तीला ‘आकाशभाषित’ असं भारदस्त नाव आहे. असे चार जुने भाण ‘चतुर्भाणी’ या नावानं १९२२ साली छापून आले. वाचताना मला राहून राहून एसटी स्टँडवर फोनवर बोलणारा माणूस आठवतो. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण “हाव... काय म्हन्ता?... मेली? कवा?” एवढ्यावर घरातली म्हैस गेल्याचं सगळ्या स्टँडला कळतं.

लोककलेनं मात्र हा दुसरा माणूस आकाशात ठेवला नाही. त्याला तिनं उभं केलं, भाकरीला लावलं. गोंधळात नाईक आख्यान लावतो आणि साथीदार मधेच भोळेपणाचं सोंग घेऊन नको ते विचारतो. त्याच्या आडव्या प्रश्नाशिवाय नाईकाचं गाडं पुढं सरकत नाही. कीर्तनात बुवा एकटेच राजा होतात, राणी होतात, दारातला भिकारी होतात. मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, तेवढ्यात बुवांना श्वास मिळतो आणि पुढचं सोंग मनात जुळवायला उसंत. एकट्या माणसामागे मंडळी लागतात, हा शोध आपल्याकडे फार जुना आहे. त्याला ‘टीम’ म्हणायला तेवढे आपण अलीकडे लागलो.

आणि मग शेंडगावचे डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, आले. त्यांचा जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातला. लहानपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला आजोळी. पुढे याच माणसानं कीर्तनाची मांडणी उलटी केली. पूर्वरंग-उत्तररंगाची, म्हणजे आधी निरूपण आणि मग आख्यान अशी, चौकट बाजूला ठेवली आणि दुसरा माणूस थेट समोरच्या गर्दीतून उचलला. कर्ज काढून लग्न करावं का, देवापुढं बोकड कापावा का, हे ते लोकांना विचारत. लोक उत्तर देत, आणि ते उत्तर पकडून बाबा पुढचा सवाल असा टाकत की आधीचं उत्तर देणाऱ्याच्याच अंगावर यावं. बोली शेतात बोलतात तीच. १९५६ साली मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या त्यांच्या अखेरच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते बाबांसाठी ऐकाच, पण एकदा फक्त गर्दीसाठी ऐका. अर्धा प्रयोग तिचा आहे.

नाट्यगृहातला एकपात्री या घराण्याचा शहरात गेलेला मुलगा. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’, सदानंद जोशींचं ‘मी अत्रे बोलतोय’ यांनी तो तिकीटबारीपर्यंत नेला. १९८९ साली सुषमा देशपांड्यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ आणलं आणि चरित्रपट उलगडणारं एक वेगळंच दालन उघडलं. पण नाट्यगृहात शिरताना एक अदलाबदल झाली. टाळकरी, झिलकरी, साथीदार यांना रंगमंचावरून उतरवलं गेलं आणि अंधारात बसवलं. साथीदाराचा आडवा प्रश्न दिग्दर्शकाच्या तोंडी गेला, तोही फक्त तालमीत. टाळकऱ्यांनी दिलेली उसंत आता दिवे देतात. उजेड डावीकडून उजवीकडे सरकेपर्यंतच्या तीन-चार सेकंदांत नट खांद्यावरचं उपरणं डोक्यावर घेतो आणि सासऱ्याची सासू होते.

विद्यापीठात हे आणखी आक्रसलं. युवक महोत्सवातल्या मोनो अ‍ॅक्टिंगला मिनिटं मिळतात पाच. पोरं त्यात बाप मारतात, आई रडवतात आणि घंटी वाजायच्या आत फाशीही घेतात. तासन्‌तास लोकांना बोलतं ठेवणाऱ्या गाडगेबाबांचं नाव अमरावतीच्या विद्यापीठाला आहे, हे स्पर्धेच्या धांदलीत कुणाच्या ध्यानात येत असेल असं वाटत नाही. पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांत समोरच्याला विचारायला आणि त्याचं ऐकून घ्यायला वेळ कुठून आणणार?

आमच्या नाटकाचा प्रयोग पुढे लागला तो अमरावतीजवळच्या एका गावात, समाजमंदिरात. दिवे सहाच. दिवेवाल्यानं ते घरची वायर जोडून खांबांना बांधले होते. सासऱ्याची खुर्ची अकोल्यातच राहिली होती, आणि नटाची नजर आता न चुकता टोपीच्या उंचीवर जात होती. कर्जाचा प्रवेश आला. नटानं नेमून दिल्याप्रमाणे विचारलं,

“काऊन मामाजी, बैल इकला?”

इथं तीन मोजायचे, मान डोलवायची, मग पुढचं वाक्य. दोन मोजून होत नाहीत तोच चौथ्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला,

“इकला ना बाप्पा, मार्चातच. जोडीच इकली.”

कुणी हसलं नाही. संहितेत यावर काही लिहिलेलं नव्हतं. बाई माझ्या शेजारी कागद मुठीत धरून बसल्या होत्या. नट हळूच टोपीच्या उंचीवरून खाली उतरला, चौथ्या रांगेकडे वळला आणि म्हणाला,

“केवढ्याले?”

मागं दिवेवाल्यानं मारायला घेतलेलं बटण तसंच राहू दिलं.